चूलबंद आवतण

बेंबळीच्या पुढं आमचं गाव. तिथं दरवर्षी भंडारा असतो आणि त्याचं आवतण चूलबंद असतं. म्हणजे त्या दिवशी कुणी घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी देवळापुढं जेवायचं. सगळ्यांनी, असं म्हणायची पद्धत आहे. ओढ्यापलीकडच्या आमच्या वस्तीला आवतण कधीच आलं नाही. आमची चूल पेटली काय न् विझली काय, गावाला सारखंच.

मी बी.ए.ला होते त्या वर्षी तालुक्याची बडी मंडळी भंडाऱ्याला येणार होती. ऐनवेळी एकेकाचा फोन आला, जमत नाही. कढया भरलेल्याच राहिल्या. ऊन कलल्यावर देवळाचा कारभारी मोटारसायकलवर वस्तीत आला आणि गाडी बंदही न करता ओरडला, "चला जेवायला. ताटं आपापली आणा."

आई ताट घेऊन निघाली. मी म्हटलं, जाऊ नको.

"तुझ्या पत्रकानं पोट भरतंय व्हय?" ती म्हणाली. मी तेव्हापासूनच पत्रकं लिहिते, नळदुर्गच्या स्टँडवर वाटते. लोक त्यात भजी गुंडाळतात, तेही मला माहीत आहे. मी तिच्या मागोमाग गेले.

बसण्याआधी आईनं कारभाऱ्याला विचारलं, "आवतण कुणी दिलं?"

"उरलंय म्हणून बोलवलं, मावशे. उरल्याला आवतण कशाला लागतंय?"

वाढणारे हसले. आई बसली. जेवली.

पुढं एम.ए.ला लघुप्रबंधासाठी सरांनी विषय दिला: शुभवर्तमानांतल्या कथांमधली सत्ता आणि वंचित माणसं. येशूशी आमच्या घराचा काही संबंध नव्हता. वाचत गेले आणि मेजवानीच्या दाखल्यापाशी, म्हणजे येशूनं सांगितलेल्या एका बोधकथेपाशी, अडकले. एक मोठा माणूस जेवण घालतो. बोलावलेले येत नाहीत. एकानं शेत घेतलंय, एकानं बैल, एकाचं नुकतंच लग्न झालंय. मग यजमान चिडतो आणि गल्लीबोळांतून गरीब, लंगडे, आंधळे आणायला सांगतो. घर भरलं पाहिजे म्हणून.

या कथेला सगळे औदार्याची कथा म्हणतात. मी एवढंच पाहिलं की बोलतं कोण. न येणारे बोलतात, तिघांनाही वाक्यं आहेत. यजमान बोलतो. चाकरसुद्धा बोलतो. जे येऊन जेवतात त्यांना एक शब्द नाही. त्यांना भूक होती का, राग होता का, कथेला पडलेलं नाही. ती माणसं रिकाम्या जागा भरायला आणली आहेत. मी तसं लिहिलं, आणि प्रकरणाच्या सुरुवातीला आईचा प्रश्न ठेवला: आवतण कुणी दिलं?

सरांनी पानं चाळली. "हे पत्रक झालं, प्रबंध नाही. यजमान म्हणजे देव, एवढं तरी कळतं का?"

"कळतं, सर. देवानंही आधी बड्यांनाच बोलावलं, एवढंच लिहिलंय."

सर तसे भले आहेत. समतेवर भाषणं करतात, टाळ्या घेतात. ते शांतपणे म्हणाले, "विश्लेषण आहे तसं राहू दे. आईचं ते वाक्य तळटिपेत टाक. मी सही करतो."

तळटीप. पानाच्या अगदी खाली, बारीक अक्षरात, सगळ्यांचं झाल्यावर. तिथं आमची पंगत नेहमीच असते. मी म्हटलं, वाक्य वर राहील. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मग पुढल्या वर्षी बघू."

वर्ष गेलं. माझ्याबरोबरच्या पोरी नोकरीला लागल्या.

घरी आले तेव्हा आई पीठ मळत होती. "झाली का सही?"

"न्हाय. तुझं वाक्य खाली घाल म्हणत्यात."

"मग घाल की. काढूनच टाक. मी कुठं वाचणार हाय? मी तर जेवून उठले तवाच इसरले."

खोटं बोलत होती. यंदाच्या भंडाऱ्याला गावात एकाही घरातून धूर निघत नव्हता. आईनं सकाळीच चूल अंगणात मांडली, वाळलेलं जळण घरात असताना ओल्या काड्या घातल्या, आणि देवळाकडं तोंड करून फुंकत बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धूर ओढा ओलांडून गावावर गेला.

मी आत जाऊन प्रकरण काढलं. वाक्य आहे तिथंच आहे. सही अजून झालेली नाही.