मालकिणीचा झगा

थेम्सच्या दक्षिण काठावरच्या आमच्या नाटकघरात पोशाख मी सांभाळायचो. एक सरदारीणबाई वारल्या आणि त्यांचा किरमिजी मखमली झगा त्यांची म्हातारी दासी मार्जरी हिच्या वाट्याला आला. पण चाकरमाणसानं मखमल अंगाला लावायची नाही, असा इथला कायदा. मग काय, पुजायची? तिनं झगा आम्हाला विकला.

आमच्याकडे नाटकात बायकांची कामं पोरगेच करत. मार्जरीला मात्र झग्यातला पोरगा दिसतच नसे. खेळाआधी ती दाराशी येऊन विचारायची, "आज बाईसाहेब कोण?"

"राणीसरकार," मी सांगायचो. झगा रंगमंचावर आला की ती खालच्या गर्दीत गुडघा वाकवून मुजरा करायची.

मखमल विरत गेली, तशी राणीची डचेस झाली, मग नुसती सरदारीण. शेवटी झगा कुंटिणीच्या सोंगाला गेला.

"आज कुंटीण आहे," मी म्हणालो. "घरी जा, मार्जरीबाई."

"मालकिणीचे दिवस फिरले म्हणून मी पाठ फिरवू होय रे?"

ती आत गेली. झगा आला तसं अख्खं नाटकघर खदाखदा हसलं. त्या हसण्यात एकटी मार्जरी गुडघा वाकवून, मान खाली घालून उभी होती.