मुकादमांची फौज

चपला दाराबाहेर काढून, तळवा पँटला पुसून मगच ते माऊसला हात लावत. म्हणत, "मास्तर, आपली फौज उघडा."

शहापुरात एसटी स्टँडमागे माझा कॉम्प्युटर क्लास होता. दोन हजार सालानंतरची गोष्ट. दुपारी मशिनं रिकामी असत, तेव्हा मी गेम खेळू देई. हे कसारा घाटात रस्त्याच्या कामावर मुकादम. वय पन्नाशीचं, इंग्रजीशी ओळख नाही. पण सुट्टीच्या दिवशी न चुकता येत आणि नेपोलियनच्या काळातल्या लढायांचा एकच गेम खेळत.

तुम्ही-आम्ही अशा गेममध्ये काय करतो? तोफा जमवतो आणि सुटतो. मुकादमांचा अर्धा वेळ माणसं लावण्यात जाई. सेनापतींची नावं बदलता येतात हे कळल्यावर त्यांनी फ्रेंच साहेबांना घरी बसवलं आणि आपल्या गँगमधली माणसं नेमली. ते नावं सांगत, मी टाइप करी. घोडदळावर बारकू, त्याच्या जोडीला तोफखान्यावर धाकू. घाटात गाड्या थांबवायला हे दोघं लाल झेंडा घेऊन पुढं असत, म्हणून इथंही पुढं. धाकूच्या तोफा चिखलात रुतल्या की बारकूचं घोडदळ शेजारी ताटकळत उभं. तोवर शत्रू दोन शहरं घेऊन मोकळा.

अशानं पॅरिस जाईल, असं मी चिडवायचो. ते शांतपणे म्हणत, "जाऊं दे. एकटा मानूस धाडायचा नाय." शहरं त्यांनी ढीगभर गमावली, पण नाव दिलेला एकही माणूस गमावला नाही. मला त्याचं हसू यायचं. आज त्या हसण्याची लाज वाटते.

एका पावसाळ्यात ते कामाच्या दिवशीच आले. चपला काढायच्या विसरले. धाकू तापानं पडला होता, वळणावर झेंडा धरायला कोणीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी बारकूला एकट्यालाच पुढं पाठवलं. वर डोंगराकडे लक्ष ठेवायला दुसरं कोणी नव्हतं. दरड आली, बारकू तिच्याखालीच राहिला.

हे त्यांनी पडद्याकडे बघत सांगितलं. मग बारकूच्या नावावर बोट ठेवलं. "मास्तर, याला घरी धाडता येतंय का?"

मी सगळी बटणं दाबून पाहिली. सेनापतीला लढायला पाठवता येत होतं, दुसऱ्या फौजेवर नेता येत होतं, नाहीतर काढून टाकता येत होतं. घरी पाठवायची सोय नव्हती. नाव पुसू का, असं विचारलं तर त्यांनी माझा हात धरला.

शेवटी त्यांनी मागं राहिलेल्या धाकूच्या तोफा बारकूशेजारी आणून लावल्या. त्याला चार चाली लागल्या. मग उठून गेले ते परत आलेच नाहीत. मुकादमकी सोडून मुरबाडकडे गावी गेले, असं कानावर आलं.

पुढं ते मशीन विकण्याआधी मी त्यांची फौज उघडली. दोघं शेजारी शेजारी तशीच उभी होती. चाल संपवायला गेलो, तर गेमनं नेहमीचा प्रश्न विचारला: बारकूला अजून हुकूम दिलेला नाही, तरी पुढं जायचं का?

मी कुठलंही बटण न दाबता मशीनची वायर काढली.