संमती घेतली नाही

मंगळवारी सकाळी सात वाजता त्याने मला ऑपरेशन टेबलवर झोपायला सांगितलं आणि चार शिकाऊ डॉक्टरांसमोर माझा जबडा दोन्ही बाजूंनी धरून वर खेचला. कानामागच्या हाडात त्याची बोटं रुतली. डोळ्यांतून पाणी आलं.

"बघा," तो त्यांना इंग्रजीत म्हणाला, "दुखलं पाहिजे. दुखलं नाही म्हणजे तुम्ही नीट धरलेलं नाही."

मग माझ्या तोंडावर वाकला आणि फक्त मला कळेल असं मराठीत म्हणाला, "कॉलेजात आम्ही बेडूक कापायचो. इथे बेडूक मिळत नाहीत. तू आहेस."

तो पुण्याचा. दोह्यातल्या एका हॉस्पिटलात भूल विभागाचा प्रमुख. मी त्याच्या थिएटरातली नर्स. मी त्याला 'तो'च म्हणणार. अहोजाहो चार वर्षं केलं, पुरे झालं.

चौघांनी आळीपाळीने माझा जबडा खेचला. चौघांनी मास्क दाबून धरला. एकाने इतका दाबला की वरचा ओठ दातांवर फाटला. मग हाताची शीर शोधायचा तास. सुई शिरेतून आरपार गेली की तो म्हणायचा, "पुन्हा." माझ्या हाताला विचारायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. संपल्यावर तो म्हणाला, "थँक यू, सिस्टर. टेबल पुसून घ्या."

माझंच रक्त. मीच पुसलं.

मी का झोपत होते, हे विचारायला हवं. मलाही लोकांनी विचारलं. धरून बांधलं होतं का? नव्हतं. मी आपल्या पायांनी चालत जाऊन झोपत होते. आठ महिने. त्याचं कारण सांगते, आणि ते सांगताना मला लाज वाटते.

हॉस्पिटल एका नर्सला अमेरिकेत पाठवणार होतं. दोन वर्षं, नर्स अ‍ॅनेस्थेशियातली मास्टर्स. रुग्णाला भूल द्यायची, त्याचा श्वास सांभाळायचा आणि त्याला परत जागं करायचं, हे सगळं नर्सने स्वतःच्या जबाबदारीवर करायचं. नोटीस वाचली तेव्हा मी भिंतीला टेकले. बीएस्सी माझ्याकडे होती. आयसीयूची सहा वर्षं होती. डॉक्टर चहाला गेले की रुग्णाच्या डोक्याशी उभी राहणारी मीच होते. फक्त एक पत्र हवं होतं. भूल विभागाच्या प्रमुखाचं शिफारसपत्र.

मी मागायला गेले. त्याने माझा अर्ज वाचला. गाव वाचलं, आडनाव वाचलं, परत आडनाव वाचलं. मग हसला.

"मास्टर्स? अगं, तिथे सरकारी जावयांचा कोटा नसतो."

मी खालमानेने उभी. मग तो म्हणाला, "देईन पत्र. पण आधी मंगळवारच्या क्लासला मदत कर. प्लास्टिकची डमी मागवायची फाईल कधीची वर पडलीय."

मी मराठवाड्यातली. आई तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात झाडू मारायची. बाळंतिणीच्या खोलीतलं सगळं तीच धुवायची, आणि तिने धुतलेल्या खोलीत तिला पाणी मात्र लांबून ओतून मिळायचं. मी नर्सिंगला गेले तेव्हा माझा पांढरा युनिफॉर्म तिने आधी स्वतःच्या अंगाला लावून बघितला. त्या युनिफॉर्मच्या पुढे एक पायरी आहे आणि ती मला चढता येते, हे मला ठाऊक होतं. म्हणून झोपले. पत्रासाठी.

फरीज बिन ओमरान भागातल्या फ्लॅटवर माझ्यासोबत केरळची एक सीनियर नर्स राहायची. सगळे तिला चेची, म्हणजे ताई, म्हणायचे, मीही. ती माझे निळे पडलेले हात बघायची आणि बर्फ आणून द्यायची. "यह पढ़ाई नहीं है," ती म्हणायची. "यह मार है." मी म्हणायचे, थोडेच दिवस.

आणि खरं सांगते, शिकत मीही होते. टेबलवर आडवी पडून. मास्कचा डावा कोपरा सुटला की गालावर वारा लागतो. मान एक बोट जास्त वाकली की घसा बंद होतो. वरून बघणाऱ्या चौघांना जे दिसत नव्हतं ते मला खालून कळत होतं. एकदा खऱ्या रुग्णाच्या वेळी त्यांच्यातल्या एकाचा मास्क गळत होता आणि रुग्णाचे ओठ काळे पडत होते. मी बोलून गेले, "डावीकडून दाबा." शेजारी प्रमुख उभा होता, त्याने हातातला घसा बघायचा लॅरिंगोस्कोप, तो पोलादी चिमट्यासारखा जड, माझ्या बोटांच्या सांध्यांवर हाणला. सगळ्यांसमोर.

"बेडूक बोलत नाही," तो मराठीत म्हणाला. डावीकडून दाबल्यावर रुग्णाचे ओठ गुलाबी झाले. माझं करंगळीशेजारचं बोट अजून नीट मिटत नाही.

आता तो शेवटचा मंगळवार.

हाताला सुई लावून झाली होती. तो सिरिंज घेऊन आला. "सलाईन आहे. घाबरू नकोस." हात गार पडला. मी छताकडे बघत होते. छतावरच्या एका दिव्याचे दोन झाले. पापण्या जड झाल्या. मी त्या उचलायला गेले, उचलेनात. तेव्हा मला कळलं. चार वर्षं तेच औषध मी ट्रेमध्ये मांडत होते. स्नायू ढिले करणारं औषध. रुग्णाला आधी पूर्ण झोपवतात आणि मगच ते देतात. जाग्या माणसाला देत नाहीत. कारण त्याने शुद्ध जात नाही. फक्त शरीर जातं.

"थोडंसंच दिलंय," तो शिकाऊंना म्हणाला. "पापण्या बघा. आता, सिस्टर, डोकं वर उचला. पाच सेकंद."

मी उचललं. म्हणजे मी मनातल्या मनात उचललं. डोकं जागचं हललं नाही.

"बघितलंत? नापास."

कुणीतरी हसलं. माझ्या घशात थुंकी साठली. गिळता येईना. खोकता येईना. मी ओरडले आणि आवाज निघाला नाही. श्वास वरवरचा झाला, मग अर्धा, मग त्याहून कमी. एक माणूस मला बुडवत होता आणि चार माणसं वहीत लिहून घेत होती. भीती वाटली का? भीती नंतरची गोष्ट आहे. आधी संताप आला. इतका संताप, आणि तो ठेवायला अंगात एकही जागा चालू नव्हती.

त्या चौघांत एक सुदानची मुलगी होती. तीच ओरडली. "खलास, डॉक्टर! खलास! बस करा! ती श्वास घेत नाहीये!" तो म्हणाला, "घेतेय." तिने त्याला खांद्याने ढकललं, मास्क माझ्या तोंडावर धरला आणि पिशवी दाबायला लागली. डावा कोपरा नीट दाबला होता तिने. हवा आत गेली.

भिंतीवरचं घड्याळ पापणीच्या फटीतून दिसत होतं. अकरा मिनिटं ती माझा श्वास घेत होती. तो ट्रेला टेकून उभा होता. "यल्ला," म्हणाला एकदा, "चला, पुढची केस लागायचीय."

ताकद बोटांपासून परत आली. मी एका कुशीवर वळले आणि जमिनीवर थुंकले. मग उठून बसले. मग उभी राहिले. तो समोरच होता. मी सगळा जीव एकवटून त्याच्या थोबाडावर हात उगारला. हात तिथवर पोचलाच नाही. त्याच्या छातीवर पडला, ओल्या फडक्यासारखा. तो हसला. त्याने माझं मनगट दोन बोटांत धरलं आणि बाजूला ठेवून दिलं.

मला मारता आलं नाही. याचं मला आजही दुःख आहे. मारायला हवं होतं, दात पाडायला हवे होते. पण हात पेन धरू शकत होता.

भूल दिलेल्या प्रत्येक माणसाचा एक चार्ट असतो. कुठल्याही थिएटरात असतो. खाली कार्बन लावून तीन प्रती. एक फाईलला, एक रेकॉर्डला, एक औषधांच्या हिशेबासाठी फार्मसीला. औषध दिलं की चार्ट भरायचा, हा त्याचाच नियम होता. मी पॅड ओढलं. रुग्णाचं नाव, तिथे माझं नाव लिहिलं. हेल्थ कार्डचा नंबर, माझा. भूल देणारा, त्याचं नाव. ट्रेमधून रिकामी कुपी उचलली आणि लेबलवरचं औषधाचं नाव उतरवलं. ऑपरेशन: नाही. वेळ: सात चाळीस. दर पाच मिनिटांच्या रेघेवर खुणा केल्या. श्वास अपुरा. मान उचलता येत नाही. रुग्ण पूर्ण शुद्धीत. अक्षर मुंगीसारखं पळत होतं. संमती, या रकान्याशी आले तेव्हा हात थांबला. आठ महिन्यांत कुणी मला ते विचारलंच नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी लिहिलं, घेतली नाही.

साक्षीदाराच्या सहीसाठी मी पेन सुदानच्या मुलीपुढे धरलं. तिने घेतलं. रेघेवर टेकवलं. मग परत माझ्या हातात दिलं. "माझं ट्रेनिंग त्याच्या हातात आहे," ती म्हणाली, "मला माफ कर." मी तिला माफ केलेलं नाही. तिच्यामुळे मी जिवंत आहे, हेही विसरलेले नाही. दोन्ही खरं आहे.

मी एकटीने सही केली आणि तिन्ही प्रती तीन ठिकाणी स्वतः नेऊन दिल्या. जिन्यात दोनदा बसावं लागलं. त्याआधी फाईलच्या प्रतीची झेरॉक्स काढून ठेवली.

दुपारी तो मला शोधत आला. हातात पत्र. आठ महिने जे टंकायला वेळ नव्हता ते चार तासांत तयार. "वाच," म्हणाला. मी वाचलं. बुद्धिमान, कष्टाळू, विभागातली सर्वोत्तम. हे सगळं त्याला ठाऊक होतं तर! आठ महिने ठाऊक होतं. "आता तो कागद मागे घे," तो म्हणाला आणि पत्र माझ्या हातातच ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी मेडिकल डायरेक्टरने बोलावलं. टेबलावर माझा अर्ज, त्यावर त्या पत्राची प्रत, बाजूला माझा चार्ट. डायरेक्टर मऊ बोलणारा माणूस होता. "सिस्टर, गैरसमज झाला होता असं लिहून द्या. अमेरिकेची जागा तुमची. आजच सही करतो."

तो शेजारीच बसला होता. मराठीत म्हणाला, "अगं, तुमच्यातलं कुणी इथवर आलंय का कधी? कशाला घालवतेस?"

जागा समोर होती. हात लांब केला असता तर मिळाली असती. मला ती हवी होती, आजही हवी आहे, खोटं कशाला बोलू. पण मी ती घेतली असती तर ती अकरा मिनिटं कागदावर झालीच नसती. आणि मग उद्या मी कुणाच्या तोंडावर मास्क धरला असता, तो कुठल्या तोंडाने?

मी इंग्रजीत म्हणाले, दोघांना कळावं म्हणून, "कागद मागे घेणार नाही."

आठवड्यात कॉन्ट्रॅक्ट रद्द. कारण, वर्तन. निघायच्या आदल्या दिवशी मुशैरिब भागातल्या फोनच्या दुकानातून आईला फोन लावला. शेजारच्या पीसीओवर ती धावत आली. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आई, मी आठ महिने तिथं पडून राहिले गं."

ती म्हणाली, "रडायलीस का? आता उठलीस न्हवं? मग परत कुनाम्होरं आडवी होऊ नगंस."

चेचीने नंतर कळवलं की त्या विभागात प्लास्टिकची डमी आली. त्याला काय झालं? काही नाही. तो तिथेच आहे, प्रमुख. डमी आली हे ऐकून मला बरं वाटलं असेल, असं लोक म्हणतात. नाही वाटलं. डमीची किंमत माझ्या अमेरिकेच्या जागेतून वसूल झाली.

आज मी परत जिल्ह्याच्या गावी एका वॉर्डात नर्स आहे. दर वर्षी अमेरिकेतल्या त्या अभ्यासक्रमाला अर्ज करते. तीन ठिकाणांहून नकार आला. भूलतज्ज्ञाचं शिफारसपत्र हवं, असं प्रत्येक अर्जात असतं. त्याचं पत्र माझ्याकडे आहे, बुद्धिमान आणि कष्टाळू लिहिलेलं. ते मी लावत नाही. त्या जागी त्या चार्टची झेरॉक्स लावते आणि खाली लिहिते, माझ्या कामाची लेखी नोंद ही आहे.

ओळखीचे सांगतात, नुसतं पत्र लाव, कोण विचारतंय. मी लावणार नाही. चौथा अर्ज काल टाकला. नाही झालं तर पाचवा टाकीन. मला घ्यायचं असेल तर त्या कागदासकट घ्या.