पडद्यांच्या पेटीची झोप

५ नोव्हेंबर २०२४ रोजी देवाजी भांडेकर यांनी वडशाहून एका प्रयोगासाठी सात पडदे भाड्याने आणले. भाडे सहा हजार चारशे रुपये, टेम्पो वेगळा. अडतीस वर्षांत गावच्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकाला बाहेरचा पडदा लागला तो यंदा पहिल्यांदाच. गाठोडी उतरवून घेताना देवाजींनी कोणाकडे मान वर करून पाहिले नाही.

गाव चामोर्शी तालुक्यातले, वैनगंगेच्या काठाचे. देवाजींचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, दीड एकर धान आहे, पण गाव त्यांना ओळखते ते पडदेवाले म्हणून. तेविसाव्या वर्षी नाट्यमंडळाने पडद्यांची पेटी त्यांच्या ताब्यात दिली. त्यांनी स्वतः कधी तोंडाला रंग लावला नाही. राजवाडा वर जायचा आणि झोपडी खाली यायची, तेवढ्यात ढोलकीवाल्याला दोन थापाही मारता येत नसत. हीच त्यांची कला, आणि तिचा त्यांना अभिमान होता.

पडदे रंगवले होते इतवारी उंदिरवाडे यांनी. जाडाभरडा मांजरपाट, पावडरचे रंग आणि ते धरून ठेवायला सरस. एरवी इतवारीभाऊ घरांच्या भिंती आणि दुकानांच्या पाट्या रंगवत. सात पडद्यांना त्यांचे दोन उन्हाळे गेले. त्यातला जंगलाचा पडदा बघायला शेजारच्या गावचे लोक येत. त्यात मोह, ऐन, टेंभूर अशी गावच्या शिवेवरचीच झाडे होती, आणि डाव्या कोपऱ्यात मोहफुले वेचणारी एक लहान पोर. ती पोर म्हणजे इतवारीभाऊंची मुलगी सत्यशीला, तेव्हा सहा वर्षांची. इतवारीभाऊ जाऊन नऊ वर्षे झाली. भिंतींवर चुना बसला, पाट्यांच्या जागी फ्लेक्स लागले. त्यांच्या हातचे म्हणून उरले ते हे सात पडदे.

मंडळाची एक रीत होती. होळीनंतर शेवटचा प्रयोग झाला की पडद्यांच्या घड्या पेटीत जात. सर्वांत खाली जंगल, कारण मान त्याचा. मग झाकणाला कुंकू लावायचे, कुलपाला लाल नाडा बांधायचा. पेटी झोपली, असे म्हणायचे. दसऱ्याला नारळ फोडूनच ती उठवायची. मध्ये कोणी नाडा सोडला तर त्या साली नाटक पडते, असा समज. तो नाडा देवाजींनी कधी वेळेआधी सोडला नव्हता.

२२ जुलैला पुराची दवंडी झाली. देवाजींनी मंडळातला गोपाळ आणि आणखी तिघांना हाताशी घेतले आणि मंडळाच्या खोलीतली सागवानी पेटी शाळेच्या दोन बाकांवर चढवली. स्वतःच्या दुकानातले टायर मात्र वाहून गेले. दुसऱ्या दिवशी पाणी उतरले. भिंतीवरची ओल बाकांच्या चार बोटे वर होती. म्हणजे पेटीचा तळ भिजला होता.

तिसऱ्या दिवशी सत्यशीला आली. ती अंगणवाडीत सेविका आहे. रस्ता सुरू होताच चामोर्शीला जाऊन तिने नायलॉनची दोरी आणि चिमटे आणले होते.

"देवाजीभाऊ, पेटी उघडा. खालून ओली झाली."

"चार बोटं तर पाणी लागलं. सागवान आहे ते, त्याले काय होते?"

"सागवानाले नाई होत जी, सरसाले होते. बाबा सांगत, सरस ओला राह्यला का बुरशी धरते. शाळेच्या व्हरांड्यात वाळत घालू. दोन दिवसांचं काम आहे."

"पेटी झोपली आहे, बाई. दसऱ्याले उठन."

"मंग उठवा! पाणी आलं तवा तुम्ही झोपून होते का?"

गोपाळ फस्सकन हसला. बाकीचेही हसले. ते हसू देवाजींना झोंबले आणि तोंडातून निघून गेले, "तुमच्यात नारळ-कुंकू काई नसते. तुले नाई समजायचं."

हसू थांबले. ज्या माणसाने पडदे रंगवले, तोही सत्यशीलाच्याच घरचा बौद्ध माणूस होता. दर दसऱ्याला नारळ फुटताना शेजारी उभा राहायचा आणि प्रसाद खायचा. सत्यशीलाने दोरी खिडकीत ठेवली आणि निघून गेली.

पुढच्या आठवड्यात तलाठी पंचनाम्याला आले. "पेटीत काय आहे?" त्यांनी विचारले. देवाजी म्हणाले, सात पडदे.

"यादी आहे का? फोटो? बंद पेटीत काय बिघडलं, हे मी कसं लिहू?"

यादी नव्हती. फोटो तर कोणी काढलेच नव्हते; नाटकाच्या वेळी सगळे नटांचे फोटो काढत. तलाठ्यांनी फक्त खोलीच्या भिंतीचे नुकसान लिहिले आणि पुढच्या घरी गेले. नाड्याला हात लावावा असे देवाजींना तेव्हा एकदा वाटले होते. भोवती माणसे होती, आणि बाईचे ऐकले असे दिसले असते.

दसऱ्याला नारळ फुटला आणि झाकण उघडताच आंबूस वास आला. वरचे दोन पडदे डागाळले होते. खालच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. ओल अडीच महिने वर चढत राहिली होती. सोडवायला गेले की रंग सालीसारखा कापडावरून सुटून हातात येई. सर्वांत खाली जंगल होते. त्यातला हातरुमालाएवढा तुकडा धड निघाला: मोहाचा बुंधा आणि टोपलीचा काठ. पोर नव्हती.

मंडईच्या नाटकात भाड्याचे जंगल उलगडले तेव्हा मागून कोणी ओरडले, "काऊन बा, आपल्या जंगलात नारळाची झाडं कुठून आली?" मांडव हसला. दोरी धरून विंगेत उभ्या असलेल्या देवाजींनी पडदा वर घेतला तो दोन वाक्ये उशिरा.

दुसऱ्या दिवशी ते तुकडा घेऊन सत्यशीलाकडे गेले. वाटेत जुळवलेले बोलणे दारातच विसरले.

"माझ्या तोंडून वंगाळ गेलं, बाई."

"त्याचं मी काई धरलं नाई जी." तिने तुकडा उजेडात धरला. "दोन दिवस लागले असते. फक्त दोन दिवस."

 तुकडा तिने परत दिला. मंडळाचा आहे, म्हणाली. त्यांनी खिशातून पैसे काढले तर म्हणाली, "दोरी वापरलीच नाई, तर पैसे कायचे?"

आता देवाजींनी पेटीतल्या वस्तूंची यादी केली आहे, प्रत्येकीचा फोटो काढून घेतला आहे. पुढच्या वर्षापासून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पेटी उघडायची, असे त्यांनीच बैठकीत मांडले. कोणी विरोध केला नाही. पेटीत दोन डागाळलेले पडदे आणि तो तुकडा आहे. दोरी अजून खिडकीत आहे, वेटोळे न सोडलेली. तिचे आणि चिमट्यांचे मिळून तीनशे चाळीस रुपये देवाजींनी सत्यशीलाला द्यायचे अजून बाकी आहेत.