गव्हांड्याचे गोल गठ्ठे आणि माझा बंदोबस्त

गव्हांड्याचे गोल गठ्ठे मी खोलगट जागेत, पाण्याच्या पिंपांसारखे उभे रचले आणि वरून असे गच्च झाकले की आत वाराही शिरू नये. वारा शिरला नाही. पाणी शिरलं.

यात दुसऱ्या कुणाचा हात नव्हता. सगळी अक्कल माझी होती.

मी बुलढाण्याला नोकरी करून निवृत्त झालो, तेव्हा गावाकडे आमची एक बैलजोडी उरली होती. एक पांढरा, एक तांबडा. आमच्या गल्लीतली ती शेवटचीच जोडी. मोठा भाऊ ती सांभाळायचा, पण त्याचे गुडघे आता उठताना एकदा अन् बसताना एकदा बोलतात. रानडुकरांच्या पायी ज्वारी पेरणं आम्ही सोडून दिलं होतं. ज्वारी गेली, तिच्याबरोबर कडबाही गेला.

गव्हाच्या हंगामात एका संध्याकाळी भाऊ ओट्यावर बसून म्हणाला, "जोडी इकून टाकतो आता. पावसाळाभर काय चारू त्याईले? मायं डोस्कं?"

मी नोकरीवर होतो तेव्हा सुट्टीत गावी आलो की आधी वावरातल्या बैलांच्या कोठ्यात जायचो, मग घरात. बैल मला ओळखतात असा माझा समज आहे. वहिनी म्हणते, ते माझ्या खिशातला गूळ ओळखतात. ते असो. पण कोठ्यात बैल नसलेलं आमचं घर मला नुसतं डोळ्यांपुढे आणवेना.

"चाऱ्याचं मी पाहतो," मी म्हणालो.

वहिनी चहाचा कप हातात घेऊन जागच्या जागी थांबली. "भाऊजी, तुम्ही?"

"पाह्य," भाऊ म्हणाला. "पन मिरगाच्या आंधी चारा दिसला नाही, तं जोडी बाजारात. मंग मले म्हनू नको, काऊन इकली."

आमच्याकडे गहू आता हार्वेस्टरने निघतो. मागे वावरात गव्हाची काडं पडून राहतात, तोच गव्हांडा. पुष्कळ जण तो पेटवून देतात. देऊळघाटाकडे एकाने गठ्ठे बांधायचं बेलर यंत्र आणल्याचं मी ऐकलं होतं, त्याला बोलावलं. यंत्र पुढून काडं गिळत जायचं, घटकाभर थांबायचं आणि मागून सुतळीने बांधलेला गोल गठ्ठा टाकायचं. कोंबडी अंडं टाकते तसं, फक्त ओरडत नव्हतं. ओरडायचं काम मी करत होतो. एकेक गठ्ठा ढकलत मी वावरभर पळत होतो.

"भाऊजी," वहिनी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, म्हणाली, "या वयात टायर खेळून राह्यले का?"

गठ्ठे मी विहिरीजवळ लिंबाखाली लावले. ती जागा खोलगट होती, पण रस्त्यावरून चांगली दिसायची. लोकांनी पाहावं, हा माझा मुख्य उद्देश होता. गोल गठ्ठा आडवा ठेवला की तो लोळतो आणि रचणाऱ्याची अब्रू घेऊन जातो. म्हणून मी ते चपट्या तोंडावर उभे केले, एकावर एक, एकमेकांना चिकटून. ताडपत्री कमी पडली. तेव्हा मला माझ्या निवृत्तीचा फ्लेक्स आठवला. हार घातलेला मी, दात काढून हसणारा, खाली "हार्दिक शुभेच्छा". गठ्ठ्यांच्या वर तो नेमका बसला. कडा मी जमिनीपर्यंत ओढून मातीत दाबल्या.

भाऊ काठी टेकत आला. "हे काय बे?"

"गोदाम."

"हवा कुठून जाईन?"

"हवेचं काय काम? लोणच्याची बरणी कशी तोंड बांधून ठेवतात?"

"मंग लोनचंच होईन," तो म्हणाला. पण हे गोल प्रकरण त्यानेही जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं, त्यामुळे काठी टेकत परत गेला.

खरं सांगायचं तर मला हे कळायला हवं होतं. कडब्याच्या गंजीवर माझं लहानपण गेलंय. माघात ज्वारी निघाली की बाबा गंजी लावायचे. आधी उंचवट्याची जागा, मग दगड, दगडांवर तुरीच्या वाळक्या काड्या, म्हणजे खालून ओल चढायची नाही आणि वारा खेळता राहायचा. त्यावर पेंढ्या, बुडखे बाहेर, शेंडे आत. मी हलका म्हणून वर तुडवायला असायचो, भाऊ खालून पेंढ्या फेकायचा. बाबांचं लक्ष नसलं की तो पेंढी बरोबर माझ्या तोंडावर मारायचा, आणि मी पडता पडता सावरलो की "अरे अरे" असं सगळ्यांत मोठ्याने तोच म्हणायचा. गंजी घरासारखी वर निमुळती होत जायची. शेवटी बाबा दाताळं घेऊन तिच्या चारी बाजू वरून खाली विंचरायचे. शाळेत जायच्या आधी आई आमचे केस विंचरायची, तितक्याच जोरात. पाणी या विंचरलेल्या रेघांवरून निथळून जायचं. श्रावणात गंजीत हात घातला तर आत कोरडी, कोमट ऊब लागायची आणि गोडसर वास यायचा. तो वास आला की मला अजूनही भूक लागते, आणि मी बैल नाही याची स्वतःला आठवण करून द्यावी लागते.

एवढं सगळं माहीत असलेला माणूस प्लास्टिक मातीत दाबत बसला होता.

वैशाखात सलग चार दिवस अवकाळी पाऊस आला, वाऱ्यासकट, गारांसकट. पाचव्या दिवशी सकाळी ऊन पडल्यावर मी छाती काढून गोदाम पाहायला गेलो. फ्लेक्स मधोमध खचला होता. माझ्या गालावर पाण्याचं डबकं साचलं होतं आणि त्यात एक कावळा निवांत अंघोळ करत होता. गारांनी जागोजाग भोकं पाडली होती, आणि उभ्या गठ्ठ्यांची तोंडं ते पाणी पीत बसली होती. खाली ओढ्यासारखं पाणी येऊन बुडं भिजली होती. मी कड उचलली तर आतून वाफ आली. आंबलेल्या पिठाचा वास, आणि काडांवर पांढरी बुरशी.

तरी एक कवळ काढून मी कोठ्यात नेली आणि पांढऱ्यापुढे धरली. त्याने हुंगलं, जोरात फुरफुरला आणि दावं ताणून मागे सरकला. तांबड्याने तर मानही वळवली नाही.

भाऊ कोठ्याच्या दारात उभा होता. रागावला नाही, हेच वाईट झालं. "बेपाऱ्याले सांगतो," एवढंच म्हणाला आणि फोन लावला. पलीकडून उद्या येतो म्हणून उत्तर आलं.

"आतले गठ्ठे कोरडे असतील," मी म्हणालो. "एकदा उपसून तर पाहू."

तो फोन खिशात टाकून वळला. वहिनीने मात्र पदर खोचला. "पाहू तं खरं. जाऊन जाऊन काय जाईन?"

खालचा थर गेला होता, वरचाही. मधले बरेच गठ्ठे हाताला कोरडे लागले. बुरशीचं सगळं आम्ही उकिरड्यावर टाकलं. उरलेलं उंच धुऱ्यालगत नेलं. आता भाऊ बाजेवर बसून हुकूम सोडायला लागला. "सुतळ्या तोड. गंजी लावू, बाबासारखी." तोडल्या दोन-चार. पण गव्हाची काडं गुळगुळीत, ती पेंढीसारखी धरून बसत नाहीत. मी वर चढलो आणि गंजीसकट खाली आलो.

"हे नाही जमत," भाऊ म्हणाला. गंजीचा हुकूम ही या हंगामातली त्याची एकमेव चूक, ती मी जपून ठेवली आहे.

मग दगड मांडले, त्यांवर काड्या पसरल्या आणि गठ्ठे आडवे ठेवले, गोल पाठ आभाळाकडे, तोंडाला तोंड लावून. अशा दोन ओळी, मध्ये वाऱ्याला वाट. लोळू नयेत म्हणून कडेला दगड अडकवले. सुटलेली काडं दिवसभर उन्हात खालीवर केली आणि ओळींच्या पाठीवर उतरती घातली. ताडपत्री नुसती वरून टाकली, दोऱ्यांना दगड लोंबकळत सोडले, खालून मोकळी. मी वर ताडपत्री ओढत होतो तेव्हा काडांची एक कवळ येऊन माझ्या तोंडावर आदळली. खाली पाहिलं तर भाऊ उभा. काठी बाजेपाशीच पडलेली, हातात दाताळं. काडं वरून खाली विंचरत होता, बाबांसारखी, आणि माझ्याकडे बघतच नव्हता.

नाकात गेलेली काडं शिंकत मी वरच बसून राहिलो.

वहिनीने अंदाज घेतला. "पोळ्यापर्यंत पुरन. पुढं धुऱ्यावरचं गवत हाय."

"ते मी रोज कापतो," मी वरून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच व्यापाऱ्याचा फोन आला. निघू का, विचारत होता. भाऊ दाताळ्याला टेकून उभा होता. त्याने कोठ्याकडे पाहिलं. पांढरा आणि तांबडा कोरडा गव्हांडा कुरुमकुरुम चावत होते.

"नको येऊ," तो म्हणाला. "जोडी ठेवली."

पलीकडून बहुतेक विचारलं गेलं, मग दुसरं काही आहे का विकायला. भाऊने वर पाहिलं. मी ताडपत्रीची गाठ मारत होतो आणि गाठ सुटत होती.

"एक हाय," तो फोनवर म्हणाला. "खाते लय, कामाले शून्य. पन त्याले तू फुकट बी नेनार नाही."