मावशीच्या सूर्यासाठी घाटाखाली

उज्जैनच्या स्टेशनाबाहेर आलो तेव्हा माझी पहिली नजर देवळाच्या कळसाकडे गेली नाही, पोहे-जलेबीच्या गाडीकडे गेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं मी निव्वळ मावशीच्या काळजीपोटी केलं असा गैरसमज नको. पोह्यांना मी हात मात्र लावला नाही. मावशीकडे बाफले (कणकेचे गोळे उकडून, भाजून, तुपात बुडवलेले) ठरलेले, आणि त्यासाठी पुण्याहून पोट रिकामं आणलं होतं.

फ्रीगंजमधल्या घरी पोचलो तर स्वयंपाकघर गार. मावशीने चातुर्मासाचा नेम धरला होता: रोज सूर्य दिसला तरच जेवायचं, आणि माळव्याचं आभाळ परवापासून घोंगडी पांघरून बसलेलं. मावशी कपभर दुधावर होती. सत्तरी ओलांडलेली बाई. सासू उपाशी म्हणून सून उपाशी, आणि सून उपाशी असताना पाहुण्याने कुठल्या तोंडाने ताट मागावं?

माझा मावसभाऊ सुधीर याने नोकरी सोडून केबलचा धंदा टाकला होता. देशाची दारं उघडली त्यातली एक खिडकी याच्या वाट्याला आली होती आणि तीतून तो अख्ख्या मोहल्ल्याला जग दाखवत होता.

"दादा, मी सगळं करून पाहिलं," तो म्हणाला. "नदीवर राम घाटावर नेलं. पंडितजी बोलले, माताजी, चाँदी के सूर्यनारायण के दर्शन कर लो, चलेगा. आई बोलली, तुम्हाला चलेगा, मला नाही चालणार. मग टीव्हीवर क्रिकेट लावून दिलं. तिकडे विलायतेत कडक ऊन, एकदम लाइव्ह. सूरज तर एकच आहे ना?"

"एकच आहे तर इकडेही येईल," मावशी पलंगावरून म्हणाली. "मी कशाला त्याला परक्या घरात डोकावून बघू?"

मी शाळेत भूगोल शिकवतो. अशा माणसाने उपाशीपोटी तरी गप्प बसावं, पण मी सुधीरच्या नव्या फ्रिजमधून पाण्याची बाटली काढून मावशीपुढे धरली. बाटलीला बाहेरून घाम फुटला.

"मावशी, हवेतली वाफ गार काचेला लागली की तिचं पाणी होतं. सांद्रीभवन म्हणतात त्याला. तसंच वर आभाळात. हवा जितकी उंच चढते तितकी गार होते, आणि एका उंचीवर वाफेचे थेंब होतात. तेच ढग. त्यांच्या वर लख्ख ऊन."

"बाटली पूस आधी," मावशी म्हणाली. "चादर भिजते आहे."

सुधीर मात्र उठलाच. "म्हणजे ढगाच्या वर गेलं की काम झालं? मग जानापावला जाऊ या ना. इकडे त्याच्याहून ऊँचा पहाड नाही. गाडी काढतो."

ढगांची चादर त्या डोंगरापेक्षा किती जाड असते, याचा विचार मी करायला हवा होता. पण सुधीरची बायको तेवढ्यात बाफले करून डब्यात भरत होती आणि माझं सगळं शास्त्र त्या डब्यापाशी घोटाळत होतं.

सुधीरच्या व्हॅनमध्ये मावशी पुढे बसली, मांडीवर अर्घ्याचा तांब्या. इंदूर मागे पडलं, महू गेलं, डोंगराचा चढ लागला. गाडी जाईल तिथवर नेली आणि उतरलो तर स्वतःचे पाय दिसेनात. आम्ही ढगाच्या वर नव्हतो, ढगात होतो. माझा चष्मा आंधळा झाला. मावशीच्या पदरावर, तांब्यावर, सुधीरच्या मिशीवर बारीक थेंब. शिकवताना इतकं चोख उदाहरण मला कधी मिळालं नव्हतं, पण पाहायला कुणी तयार नव्हतं.

धुक्यातून छत्री घेतलेला एक माणूस आला. "क्या ढूँढ रहे हो साब?"

"सूरज," सुधीर म्हणाला.

त्याने आम्हा तिघांना नीट न्याहाळलं. "दिवाली बाद आना," असं म्हणून तो पुन्हा धुक्यात गेला.

मावशीला हुडहुडी भरली. तिला गाडीत बसवलं, तर ती डोळे मिटून सीटवर कलंडली. आता मात्र माझी भूक पळाली. चष्मा पुसता पुसता डोक्यात आलं: चढणारी हवा गार होते, तर उतरणारी तापणार. तापली की थेंबांची परत वाफ. मानपूरचा घाट उतरला की खाली निमाड. तिथली हवा उबदार, ढग विरळ.

"सुध्या, वर नाही. खाली चल."

"हे घरी का नाही बोलला?"

"घरी तू उठलास ना लगेच."

घाटात ट्रकांमागून उतरताना कानांत दडे बसले. अंगातला गारठा गेला, काच कोरडी झाली. पायथ्याच्या गुजरीपाशी पांढरट आभाळ एका जागी फाटलं आणि सूर्य दिसला. सुधीरने भर रस्त्यात गाडी थांबवली. मागून भोंगे वाजू लागले. मावशी उतरली, डांबरावर उभी राहिली आणि तिने सावकाश अर्घ्य दिलं. एका ट्रकवाल्याने भोंग्यावरचा हात काढून नमस्कार केला.

मग तिने कडुलिंबाखाली बसून बाफले खाल्ले. मी किती खाल्ले ते विचारू नका. आसपासची शेतं, बैल, ढाब्यावरची भांडणं, सगळं ती डोळे भरून पाहत होती. बाजार आणि राम घाट यांपलीकडे ती कित्येक वर्षांत गेली नव्हती, असं सुधीर मला हळूच म्हणाला.

परतताना घाट चढलो तसं आभाळ पुन्हा मिटलं. मावशी म्हणाली, "उद्या कितीला निघायचं रे?"

नेम रोजचा असतो, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या ध्यानातच नव्हतं. सुधीरने पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं. मला एकाएकी शाळा आठवली.

दुसऱ्या दिवशी आभाळ तसंच. मी पिशवी घेऊन बाहेर आलो तर मावशी व्हॅनमध्ये बसलेली. पुण्याच्या गाडीत मी खिडकीतून ढग पाहत होतो. वाफेचं पाणी कशाने होतं, ते कुठे विरतं, हे मी फळ्यावर कितीदा काढलं असेल. घरातल्या बाईला घाटाखाली न्यावं, हे मात्र ढगांनी सुचवावं लागलं.

पुढे सुधीरचा फोन आला. शेजारच्या दोघींनीही नेम धरलाय, गाडीत जागा पुरत नाही.

"आणि दादा, काल इकडे सकाळपासून चकाचक ऊन होतं," तो म्हणाला. "आईने खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि सुनेला बोलली, डबा भर."