करवंटीतला चहा

बुरंबेवाडीची मथुरा कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. सुक्या मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती दापोलीच्या बाजाराला जायची. एकदा एसटीचा कंडक्टर म्हणाला, "पाटीला वास येतो, टपावर टाक." मथुरा पाटी मांडीवर घेऊन गाडीच्या पायरीवरच बसली. "मासळीला मासळीचाच वास येनार. अबोलीचा पायजे तर अबोली इकत घे." गाडी जागची हलेना. शेवटी आतली माणसं कंडक्टरवरच उखडली आणि पाटी आत गेली. पुढे तोच कंडक्टर तिला बघून म्हणायचा, "या बाय, बसा." त्यात मान किती आणि धास्ती किती, ते त्यालाच ठाऊक.

तिचा थोरला भाऊ भिकाजी जहाजावर होता, इंजिनाच्या खोलीत तेलपाणी बघायला. शहाऐंशी साली तो घरी आला तो मानेला, कानाच्या खाली, सुपारीएवढी गाठ घेऊन. एक कान बंद झालेला, नाकातून मधूनमधून रक्त. गावात लेप झाले, पाला बांधून झाला. गाठ सुपारीची लिंबाएवढी झाली तेव्हा दापोलीच्या डॉक्टरने हात टेकले आणि मुंबईला पाठवलं. मथुराची पोर तेव्हा पदराखाली होती, तिला जाता येईना. सोबतीला शेजारचा सदू गेला.

मुंबईच्या डॉक्टरने सांगितलं, नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या अंगाला कर्करोग आहे. या रोगात एक विषाणू सापडतो आणि तो थुंकीतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. एवढं ऐकलं आणि सदू चहा प्यायला बाहेर सटकला. उरलेलं सगळं डॉक्टर बोलले ते सदू बाहेर चहा पीत असताना.

गावात आलं ते सदूने ऐकलं तेवढंच.

भिकाजी विजेचे शेक घेऊन परत आला. गाठ बसली होती, अंगावरचं मांस गेलं होतं, मानेची कातडी भाजलेल्या वांग्यासारखी काळी पडली होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो काशीरामच्या हॉटेलात गेला. काशीरामने सगळ्यांना कपातून चहा दिला आणि भिकाजीच्या पुढ्यात नारळाची करवंटी ठेवली. भिकाजीने त्या करवंटीकडे पाहिलं, चहा प्याला आणि उठून आला. हॉटेलाच्या दारावरून मासळीची पाटी घेऊन मथुरा जात होती. तिने पाहिलं.

त्यानंतर पोरीच्या उष्टावणाची गोष्ट निघाली. पोरीला पहिला घास मामाने भरवायचा, ही आमच्याकडची रीत. मामाच्या हातची खीर तोंडात गेल्याशिवाय पोर अन्नाला लागलं असं कुणी म्हणत नाही. मथुराची सासू गोदूबाई सुपारी कातरत म्हणाली, "मामा म्हनून तुज्या चुलत्याचा शिवा येल. मी निरोप धाडलाय."

"सख्खा जिवंत असताना?"

"त्येच्या हातचा नको. सदू काय बोलला, आयकलास ना?"

मथुराचा नवरा रावजी मुंबईला गोदीत कामाला. उष्टावणासाठी रजा काढून आला होता. त्याने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागला. "आये सांगते तसा करूया. एका घासाचा तर प्रश्न हाय."

"एका घासाचाच हाय," मथुरा म्हणाली. "तो घास माज्या भावाचा. आज शिवाने भरवला तर भावाला गावात परत कप मिळनार नाय, ता तुमी जानून हाव."

ती उठली आणि भावाच्या घरी गेली. भिकाजी मागल्या अंगणात फणसाखाली बसला होता, मांडीला पाण्याची बाटली लावून. मथुरा समोर बसली.

"भाऊ, सदूने चहा प्याला त्येच्या फुडचा सगळा मला सांग."

भिकाजी दर दोन वाक्यांना बाटली तोंडाला लावत बोलत होता. "डाक्टर बोलला, हा विषाणू जगात सगळीकडं हाय. मोठी मानसं धर, शंभरातल्या नव्वदांच्या वर. आमची बोट आफ्रिकेत मोंबासाला लागायची. त्या अंगाच्या आतल्या मुलखात पोरांच्या जबड्याला गाठी येतात, जिथं हिवताप फार तिथं. हाँगकाँगच्या बाजूला नाकाच्या मागं येते, माज्यासारखी. गोऱ्यांच्या देशात कालेजातल्या पोरांचा घसा सुजतो, ताप येतो, नि बरी व्हतात. बाकीच्यांना काय पन व्हत नाय. विषाणू सगळीकडं त्योच."

"मंग तुलाच का?"

"मी पन ताच इचारला. त्येनं इचारला, खारवलेला मासा ल्हानपनापासना खातंस? बिडी वडतंस? घरान्यात कुनाला व्हता? ह्यातला काय काय हातभार लावतो, असा बोलला. पन अमक्यालाच का, ता त्येला पन सांगता येत नाय."

"खारा मासा तर सगळ्या वाडीने खाल्ला. मीच इकला."

"म्हनून तर सांगता येत नाय."

"नि हा अंगात शिरतो कवा?"

"पाळन्यात. आऊस, आजी चावून भरवते ना, तसा. तुला नि मला कवाच झालाय. सदूला पन." भिकाजी हसला आणि हसताना ठसका लागला म्हणून पुन्हा पाणी प्याला. "नि मज्जा आयक. माज्या थुंकीला भितात. थुंकी हाय कुठं? शेकानं तोंड पार सुकला. टपालाचा तिकीट चिकटवायचा झाला तर शेजारनीची जीभ उसनी आनावी लागल."

मथुरा हसली नाही. तिला आठवलं, मागल्या आठवड्यात ती मासळी आत घ्यायला आली तेव्हा गोदूबाई माजघरात पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. गूळभात स्वतः चावून, बोटाच्या टोकावर घेऊन पोरीच्या तोंडात. उष्टावणाच्या आधीच. मथुराचा थोरला मुलगा असाच वाढला होता, रावजी पण असाच. म्हणून मथुरा तेव्हा काही बोलली नव्हती.

"भाऊ, उष्टावनाला सदरा घालून ये," ती म्हणाली. "इस्तरीचा."

पुढचे दिवस ती करवंट्या गोळा करत हिंडली. जिच्याकडे खोबरं काढलं तिच्याकडून उचलल्या. काचेच्या तुकड्याने खरवडल्या, राखेने घासल्या, उन्हात वाळवल्या. गोदूबाईने विचारलं, "काय गो, चुलीला फाटी नाय काय?" मथुरा म्हणाली, "लागतील."

उष्टावणाला पडवी भरली. सदू आला, काशीराम आला. भिकाजीला घाबरणारे जेवणाला घाबरत नव्हते. शेजारची गंगा पाट मांडायला होती. भिकाजी इस्तरीचा सदरा घालून आला तशी चटईवर त्याच्या दोन्ही बाजूंना जागा झाली.

मथुरा आतून चहा घेऊन आली. परातीत ओळीने करवंट्या. पहिली काशीरामपुढे ठेवली.

काशीराम करवंटीकडे बघत राहिला. "मथुरे, घरात कप नाय काय?"

"हायत. फळीवर हायत. पन गावात नवा रिवाज आलाय ना, तुमच्याच हाटेलात पाह्यला. म्हटला आपन मागं का ऱ्हावा?"

गंगा पदरात तोंड घालून हसली. रावजीने मान खाली घातली. पण दुसरी करवंटी त्यानेच उचलली आणि घोट घेतला. नवरा म्हणून मथुराने त्याला पुढे आयुष्यभर बरंच काही माफ केलं, ते या घोटावर.

गोदूबाईने करवंटीला हात लावला नाही. पोर तिच्या मांडीवर होती. "चहाचा सोंग पुरे," ती म्हणाली. "माज्या नातीच्या तोंडात रोगी मानसाचा हात जानार नाय. सदू, सांग हिला डाक्टर काय बोलला."

सदू म्हणाला, "थुंकीतना पसरतो. मी ह्या कानांनी आयकलाय."

"खरा आयकलास," मथुरा म्हणाली. "थुंकीतनाच. आजी चावून भरवते त्या घासातना, पोर पाळन्यात असताना. तुला तुज्या आजीने दिला, मला माज्या. भाऊ आजारी पडला म्हनून त्यो विषाणू दिसला. बाकीच्यांच्या अंगात निजून हाय. नि माजी पोर म्हनाल, तर तिला आत्याबायनी कवाच भरवलाय."

"मी?" गोदूबाई कडाडली. "उष्टावनाच्या आदी? माज्या हातना असा अधर्म व्हनार नाय."

तोंडात सुपारी होती. रागाच्या भरात ती जोरजोराने चावायला लागली. मांडीवरच्या पोरीने आजीच्या हलणाऱ्या जबड्याकडे टक लावून पाहिलं, आणि घरट्यातल्या पिल्लासारखी चोच उघडून वर केली. आजीचा जबडा हलतोय म्हणजे घास येणार, एवढं तिला पक्कं माहीत होतं. गोदूबाई थांबली. पोरीने हात पुढे करून तिच्या ओठाला चापट मारली.

आधी गंगा हसली, मग रावजी. मग काशीराम, आणि हसता हसता त्याच्या करवंटीतला चहा त्याच्याच धोतरावर सांडला.

"मी बोल लावत नाय, आत्याबाय," मथुरा म्हणाली. "माज्या आयने पन मला तसाच वाढवला. उद्यापासना मातर भात पाट्यावर वाटून द्यायचा. पाटा हाय, मी हाय. नि पयला घास मामाचा. कुनाला उठून जायाचा असल त्येनं आताच जावा, जेवन वाढल्यावर नको."

सदू उठला. स्वैपाकघरातून वड्यांचा वास आला तसा तो पाय मोकळे केल्यासारखं करून परत बसला.

मथुराने पोर सासूच्या मांडीवरून उचलली आणि भिकाजीच्या मांडीवर ठेवली. भिकाजीने आधी बाटलीतलं पाणी प्यायलं, मग रीतीप्रमाणे सोन्याची अंगठी खिरीत बुडवून पोरीच्या ओठाला लावली. पोरीने तोंड वाकडं केलं. दुसऱ्यांदा लावली. तिने खीर तोंडात घोळवली, विचार केला आणि सगळी भुर्रकन भिकाजीच्या मिशीवर थुंकली.

भिकाजीने मिशी पुसली नाही.

"घ्या," तो म्हणाला. "आता मला काय व्हतंय का बघा."

तिसऱ्या खेपेला खीर पोटात गेली. गोदूबाईने सुपारी थुंकून टाकली, समोरची करवंटी उचलली आणि एक घोट घेतला.

"साखर कमी हाय," ती म्हणाली.

"कपात पन तेवढीच असती," मथुरा म्हणाली, आणि भावाच्या करवंटीत आणखी चहा ओतला.